तीनदा म्हणायचं

नोरीन: थांब. बोट चापावरून बाहेर. नळी टार्गेटकडेच राहू दे. काय झालं?

हॉलिस: काही नाही. बार झाला नाही. खोटी गोळी होती.

नोरीन: मीच घातली ती, मला माहीत आहे. तू पाठ फिरवली होतीस तेव्हा. सहांत दोन खोट्या. बार का झाला नाही ते विचारत नाहीये मी. नळी खाली का गेली?

हॉलिस: गेली का?

नोरीन: चांगली चार बोटं. खरी गोळी असती तर मातीत घुसली असती. दोन्ही वेळा तेच.

हॉलिस: वय झालं. अडुसष्ट म्हणजे काय कमी आहे?

नोरीन: फेब्रुवारीत काय अठराचा होतास? तेव्हा सहांत तीन खोट्या होत्या आणि तुझा हात हलला नव्हता. तुझी अर्डी मागे बाकावर बसून म्हणाली, "याला झोप लागलीय का बघ गं."

हॉलिस: म्हणाली होती.

नोरीन: मॅगझिन काढ. स्लाइड मागे. दाखव मला. रिकामं. ठेव टेबलावर, नळी मातीच्या भिंतीकडे. आता बस.

हॉलिस: माझ्या आणखी चोवीस गोळ्या राहिल्यात. आज परीक्षा आहे, नोरीन. तिसऱ्या टप्प्याची.

नोरीन: आज परीक्षा नाही. कान उघडे कर, ते काढ डोक्यावरचं. हे बघ, नवा माणूस बंदुकीला घाबरून दचकतो, ते मी पहिल्या टप्प्यातच काढून टाकते. पण जुना माणूस एकाएकी दचकायला लागला, तर मी वीस वर्षांत एकच कारण पाहिलंय. त्याच्या हातून नको तिथे बार झालेला असतो.

हॉलिस: पोलिसात होतीस तेव्हा पण अशीच बोलायचीस का लोकांशी?

नोरीन: तेव्हा बेड्या घालून बोलायचे. कुठे झाला?

हॉलिस: घरी.

नोरीन: कुणाला लागलं?

हॉलिस: घरात आहे कोण लागायला?

नोरीन: हॉलिस.

हॉलिस: नाही. कुणाला नाही. झोपायच्या खोलीतल्या कपाटात गेली. कपाटातून भिंतीत. भिंतीपलीकडे न्हाणीघर आहे, तिथला तो जुना बिडाचा टब, त्यावर जाऊन आपटली. टबाचा टवका उडालाय. अर्डीला तो टब काढायचा होता, तीस वर्षं माझ्या मागे लागली होती. मी म्हणायचो, राहू दे, जड आहे.

नोरीन: टबाच्या पलीकडे?

हॉलिस: शेजारच्या प्रुइटांचा व्हरांडा. त्यांची म्हातारी संध्याकाळी तिथेच बसते, शेंगा सोलत. माहीत आहे मला. सांगू नकोस.

नोरीन: नाही सांगत. कधी झालं?

हॉलिस: मंगळवारी.

नोरीन: घरी सराव करत होतास?

हॉलिस: तूच सांगितलंस ना, रोज दहा मिनिटं, बिनगोळीचा सराव.

नोरीन: हो. आणि आणखी काय सांगितलं होतं?

हॉलिस: खोलीत एकही खरी गोळी नको. मॅगझिन, डबा, सगळं दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या माणसाच्या हातात. सराव झाला की मोठ्याने तीनदा म्हणायचं, सराव संपला. मग पिस्तूल पेटीत. मगच गोळ्या परत.

नोरीन: पाठ आहे की सगळं.

हॉलिस: आमच्यात ती गोळ्या घेऊन स्वयंपाकघरात जायची. डबा ॲप्रनच्या खिशात. मी आतून ओरडायचो, सराव संपला. सराव संपला. आणि ती म्हणायची, "ऐकलं." मग मी पेटीला कुलूप लावायचो आणि ती डबा आणून द्यायची. बरेचदा डब्याला पीठ लागलेलं असायचं.

नोरीन: आणि आता?

हॉलिस: आता मीच डबा स्वयंपाकघरात नेऊन ठेवतो. मीच परत आणतो.

नोरीन: एप्रिलपासून? ती गेल्यापासून?

हॉलिस: एप्रिलपासून. मंगळवारी सगळं नीट केलं होतं मी. डबा ठेवला, सराव केला, डबा आणला, मॅगझिन भरून घातलं. मग आठवलं की म्हणायचं राहिलंय. म्हणालो. सराव संपला. तीनदा म्हणालो, नोरीन, चांगलं मोठ्याने. पलीकडून कुणी "ऐकलं" म्हणालं नाही. आणि हाताला वाटलं, अजून संपलेला नाही. हात आपोआप गेला कमरेला. आणखी एकदा काढून बघू म्हणून.

नोरीन: आणि बार झाला.

हॉलिस: कान अजून वाजतोय डावा.

नोरीन: अजून एकदा काढून बघू, या एका गोष्टीने या जिल्ह्यात किती टीव्ही फुटलेत, तुला सांगते. चर्चच्या खजिनदाराने स्वतःच्या फ्रिजला भोक पाडलंय. नाव सांगणार नाही.

हॉलिस: डेल्मर.

नोरीन: मी काही बोलले नाही. कपाटात काय होतं?

हॉलिस: तिचा कोट. तो तपकिरी, रविवारचा. कार्ला म्हणत होती, बाबा, मी टल्साहून येते आणि आईचे कपडे बांधून देणगीत देऊन टाकते. मी म्हटलं, कोट राहू दे. तर त्याच्या खांद्यातून गेली. आता मी तो देऊही शकत नाही आणि ठेवूही शकत नाही.

नोरीन: रफू होईल.

हॉलिस: रफू तीच करायची.

नोरीन: एक विचारते. वाईट वाटून घेऊ नकोस. वाटलं तर वाटू दे. तुझं पिस्तूल कपाटावरच रोखलेलं होतं?

हॉलिस: म्हणजे?

नोरीन: म्हणजे काय ते तुला कळलंय.

हॉलिस: मंगळवारी कपाटावरच होतं.

नोरीन: मंगळवारी.

हॉलिस: तू पाणी देतेस का जरा?

नोरीन: घे. सावकाश पी. मी कुठे जात नाहीये.

हॉलिस: त्याच्या आधीच्या आठवड्यात. भरलेलं मांडीवर घेऊन बसलो होतो. टीव्हीवर हवामान चाललं होतं. दोन तास बसलो असेन. काही केलं नाही. हवामान संपलं, उठलो, पेटीत ठेवलं.

नोरीन: एकदाच?

हॉलिस: दोनदा.

नोरीन: कार्लाला माहीत आहे?

हॉलिस: तिला काय सांगू? ती येऊन मला टल्साला घेऊन जाईल. तिथे तिसऱ्या मजल्यावर राहतात ते. माणूस राहतो का तिसऱ्या मजल्यावर?

नोरीन: डॉक्टरला?

हॉलिस: डॉक्टर ब्लडप्रेशर बघतो.

नोरीन: बरं. पिस्तूल आज माझ्याकडे राहील.

हॉलिस: नाही.

नोरीन: माझ्या तिजोरीत. तुझं नाव घालून.

हॉलिस: नाही म्हटलं ना. माणसाच्या हातून त्याची बंदूक काढून घेतेस? तू? तुझ्या दारावर बंदूक बाळगायच्या हक्काची पाटी लावलीयस, ती वाच एकदा.

नोरीन: काढून घेत नाही, ठेवून घेतेय. सही नाही, कागद नाही, शेरीफ नाही. तू मागशील तेव्हा आपण दोघं बसून बोलू.

हॉलिस: आणि मागचं दार पुन्हा कुणी फोडलं तर? विसरलीस? ती एकटी होती घरी. तो माणूस स्वयंपाकघरापर्यंत आला होता. तिने हातातली गरम कढई दाखवली म्हणून गेला. म्हणून तर आलो आम्ही दोघं तुझ्याकडे. तिने तिन्ही टप्पे केले. मी दाराकडे लक्ष ठेवून बसलो दोन वर्षं, आणि दुखणं आलं तिच्या पोटातून. सहा आठवड्यांत संपली. दारातून आलंच नाही कुणी.

नोरीन: माहीत आहे रे.

हॉलिस: मग तिसरा टप्पा तरी पुरा करू दे. तिचा झालाय, माझा राहिलाय. एवढंच उरलंय.

नोरीन: तिसऱ्या टप्प्यात मी पहिल्या दिवशी काय शिकवते, सांग.

हॉलिस: गोळी कधी मारायची नाही ते.

नोरीन: मग आज पहिला दिवस. हॉलिस, तुला एक सांगते. अर्डीने मला शपथ घातली होती, पण आता ती काही भांडायला येत नाही. माझा नवरा मला सोडून गेला तो हिवाळा आठवतो?

हॉलिस: नालायक माणूस.

नोरीन: त्या हिवाळ्यात मी पण बसायचे मांडीवर घेऊन. सरकारी पिस्तूल. एकदा अर्डी फळांचा पाय भाजून घेऊन आली आणि... काय झालं?

हॉलिस: काही नाही. पाय कुठला? सफरचंदाचा?

नोरीन: पीचचा. तुला आत्ता पाय सुचतोय. तिने ते बघितलं. पाय टेबलावर ठेवला, पिस्तूल रिकामं केलं, पर्समध्ये घातलं आणि म्हणाली, "भांडं नेईन तेव्हा बोलू." चार महिने तिच्याकडे होतं. मी ऑफिसात सांगितलं पाठ धरलीय, टेबलावरचं काम द्या.

हॉलिस: तिच्याकडे म्हणजे आमच्या घरी?

नोरीन: तुमच्या फ्रीझरमध्ये. ब्रेडच्या पिशवीत गुंडाळून, हरणाच्या मटणाच्या खाली.

हॉलिस: त्यातून रोज मटण मीच काढायचो!

नोरीन: ती तुला सांगायची ना, वरचंच काढ?

हॉलिस: "खालचं जुनं झालंय, तिथे हात घालू नकोस." अख्खा हिवाळा. मी म्हणायचो, जुनं आहे तर आधी तेच खाऊ. केवढी भडकली होती माझ्यावर.

नोरीन: भडकणारच.

हॉलिस: माझ्याशी एक शब्द बोलली नाही यातलं. अखेरपर्यंत.

नोरीन: माझं होतं ना ते. तुझंही मी कुणाला सांगणार नाही. पण कार्लाला तू सांगायचंस, आणि उद्या चर्च सुटल्यावर आपण पाद्र्याकडे नाही, डॉक्टरकडे फोन लावून सोमवारची वेळ घ्यायची. मी गाडी चालवीन.

हॉलिस: माझ्याकडे गाडी आहे.

नोरीन: तुला डाव्या कानाने हॉर्न ऐकू यायचा नाही. घरी दुसरी काय आहे? शॉटगन?

हॉलिस: शॉटगन. आणि अर्डीचं छोटं पिस्तूल.

नोरीन: ती दोन्ही मी येताना घेते, आत्ता तुझ्या मागोमाग येते. हे घे तोवर. पिशवीत घाल.

हॉलिस: हे निळं? रबरी पिस्तूल? हे तू पहिल्या दिवशी बायकांना देतेस.

नोरीन: पुरुषांनाही देते, ते घरी सांगत नाहीत. वजन तेवढंच आहे. रोज दहा मिनिटं, संध्याकाळी. टप्पा सोडायचा नाही.

हॉलिस: रबराने सराव करून काय होणार?

नोरीन: सात वाजता मी फोन करीन. तू फोन पलंगावर ठेवायचास. मी माझ्या स्वयंपाकघरात असेन.

हॉलिस: रोज?

नोरीन: रोज. तुझं पिस्तूल बघ, मी टेप लावलीय. लिही नाव.

हॉलिस: भांड्याला लावतात तशी टेप. घरी अजून अकरा भांडी पडलीत, दफनाच्या दिवशी लोक जेवण घेऊन आले त्यांची. सगळ्यांच्या खाली नावं. तुझं पण आहे, काचेचं, चौकोनी.

नोरीन: राहू दे. मला घाई नाही.

(त्याच दिवशी संध्याकाळी सात वाजता, फोनवर.)

नोरीन: बोल. झाली दहा मिनिटं?

हॉलिस: झाली. कार्लाशी बोललो.

नोरीन: काय म्हणाली?

हॉलिस: रडली. गुरुवारी येतेय. टल्साचं नाव काढलं नाही तिने. मीच घाबरून होतो.

नोरीन: जेवलास?

हॉलिस: वरचं मटण काढलं.

नोरीन: हं. मग, म्हण.

हॉलिस: वेड्यासारखं वाटतंय. रबर घेऊन उभा आहे, समोर तिचा कोट.

नोरीन: म्हण तरी.

हॉलिस: सराव संपला.

नोरीन: हं.

हॉलिस: सराव संपला. ... ती दुसऱ्या वेळेलाच म्हणायची, "ऐकलं."

नोरीन: तिला तुझा भरवसा होता. मी तिसऱ्याची वाट बघतेय.

हॉलिस: आहेस ना तिकडे?

नोरीन: आहे.

हॉलिस: सराव संपला.