नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव

गाडी ज्याच्या नावावर, किलोमीटर त्याचे! ऐकलंत? हा आमच्या क्लबचा नियम. आणि या नियमाला का म्हणून विचारायचं नाही, कशासाठी म्हणायचं नाही, साधी भुवईसुद्धा वर करायची नाही, असं मला आठ वर्षांपूर्वी पहिल्याच रविवारी बजावण्यात आलं होतं. बजावणारे कोण? तर हेडसर. आमच्या जुन्या मोटारसायकलींच्या क्लबचे अध्यक्ष. शाळेतून निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, पण समोर दिसेल त्याला अजून बाकावर उभं करतात! मी म्हटलं, "सर, समजा गाडी एकाच्या नावावर आहे आणि चालवतो दुसराच, तर?" तर म्हणाले, "'समजा'ने सुरू होणारे प्रश्न परीक्षेत येत नाहीत. खाली बस." अहो, मी बसलेलीच होते!

आता मला सांगा, तेवीस माणसांचा क्लब, सरासरी वय पासष्ट, आणि ते वय मी धरून काढलंय बरं का, मला वगळलं तर सदुसष्ट होईल. दर रविवारी सकाळी शाळेच्या मैदानावर जमायचं, अर्धा तास गाड्या पुसायच्या, पंधरा मिनिटं फिरवायच्या आणि दोन तास चहा पीत आपण किती फिरवल्या ते एकमेकांना सांगायचं. यांचा सगळ्यात मोठा मान म्हणजे लाखाचा बिल्ला. पितळेचा, बशीएवढा, ज्या गाडीने लाख किलोमीटर पुरे केले तिच्या टाकीवर लावायचा. जुन्या गाड्यांच्या मीटरला आकडे पाचच, म्हणजे नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णवच्या पुढे एक किलोमीटर गेलं की पाचही शून्यं! तर मालकाने नेमकं पाच नऊ झाले की गाडी मैदानावर आणायची, सगळ्यांनी भोवती उभं राहायचं, मालकाने मैदानाला चार फेऱ्या मारायच्या, चार फेऱ्यांचा बरोबर एक किलोमीटर, आणि ते पाच नऊ एकदम पालटले की सगळ्यांनी हेल्मेटं काढून छातीशी धरायची. डोळ्यांत पाणी येतं हो यांच्या! घरी पोराने नोकरी लागली म्हणून सांगितलं तर "बरं" म्हणून पेपर उलटणारी माणसं ही!

तर आमच्या घरातली गाडी. मी तिला थेरडी म्हणते. प्रेमाने. थोरल्या काकांनी वीस वर्षांपूर्वी नवी घेतली, बारा वर्षांत एकतीस हजार चालवली, मग त्यांच्या मणक्याने राजीनामा दिला आणि थेरडी जिन्याखाली गेली. मी तेव्हा कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली, हातात नोकरी, नोकरी कसली तर वजनकाटे तपासायची! किराणा दुकानं, गोदामं, दवाखाने, जिथे जिथे काटा आहे तिथे जायचं, पेटीतली प्रमाण वजनं काट्यावर ठेवायची, आकडा चुकला तर दुरुस्त करायचा. पाच किलोची चार वजनं. वीस किलो लोखंड मागे बांधून गावोगाव! आणि दुकानदार काय म्हणतो माहितीये? "ताई, हा काटा वडिलांच्या वेळचा आहे. तुमचं वजन चुकत असेल." म्हणजे दिवसभर बाहेर हेच ऐकायचं आणि रविवारी क्लबात जाऊन पुन्हा हेच!

काका म्हणाले, "ने की गाडी. पडूनच आहे." नेली. आठ वर्षं नेली. ऊन म्हणू नका, चिखल म्हणू नका, खडी म्हणू नका. चार वेळा चेन बदलली, दोनदा इंजिन उघडलं, क्लचप्लेटा तर मी झोपेतसुद्धा बसवीन. एकतीस हजारावरून पाच नवांपर्यंत! अडुसष्ट हजार नऊशे नव्व्याण्णव किलोमीटर, सगळे माझ्या बुडाखालून गेलेत, माफ करा, पण दुसरा शब्द नाही त्याला! आणि किलोमीटर कोणाचे? काकांचे! का? कारण गाडी ज्याच्या नावावर, किलोमीटर त्याचे!

मग नावावर करून का घेतली नाहीस? विचारा, विचारा, सगळेच विचारतात. तिसऱ्या वर्षी म्हटलं होतं हो काकांना. काका म्हणाले, "घरातलीच तर आहे, कागद कशाला?" आणि काकू स्वयंपाकघरातून म्हणाली... ऐका हं... काकू म्हणाली, "अगं, लग्नानंतर तुझं नाव बदलणारच आहे. एकदाच काय ते बदलू." म्हणजे नवरा अजून नाही, त्याचं आडनाव अजून नाही, पण माझी गाडी त्या आडनावाची वाट बघत जिन्याखाली उभी! बाबांकडे बघितलं तर बाबा म्हणाले, "तुझं खरं आहे, पण..." आमच्या बाबांचं आयुष्य त्या 'पण'पाशी थांबलंय, ते पुढे कधी गेलंच नाही.

आणि हा नियम तरी सगळ्यांना सारखा आहे का? छे! गेल्या वर्षीचा बिल्ला कोणाला? पासबुककाकांना. बँकेत छत्तीस वर्षं नोकरी, आता क्लबची मीटरवही त्यांच्याकडे. माणूस इतका काटेकोर की चहात साखर मोजून. त्यांची गाडी चार वर्षं नव्व्याण्णव हजार चारशेवर अडकलेली, गुडघ्यांमुळे चालवणं होईना. आणि एकदम एका आठवड्यात पाच नऊ! मी म्हटलं वा, गुडघे बरे झाले वाटतं. तर त्यांची बायको मला बाजारात भेटली. रडकुंडीला आलेली. म्हणते, "अगं, आमच्याकडे दोन दिवस ड्रिल चालू आहे, शेजारीण विचारते कपाटं करताय का. कपाटं कसली! यांनी मीटरची तार चाकापासून सोडवून ड्रिलला लावलीय!" गाडी स्टँडवर उभी, ड्रिलचं बटण दोरीने बांधलेलं, हे शेजारी खुर्ची टाकून पेपर वाचतायत आणि मीटर साठच्या वेगाने पळतंय! घरबसल्या दौरा! आणि पुढचं ऐका. दुसऱ्या दिवशी दुपारी यांचा डोळा लागला. जाग आली तेव्हा पाच नऊ केव्हाच गेले, मीटरवर सदतीस! शून्य शून्य शून्य तीन सात! गाडी पुन्हा जन्माला आली! दुसऱ्या कोणी डोकं आपटून घेतलं असतं. यांनी काय केलं? ड्रिल उलटं फिरवलं! अडतीस किलोमीटर उलटे! जगात कोणी मोटारसायकल अडतीस किलोमीटर मागे नेलीय का हो? बसल्या जागी, पायात चपला घालून?

मी हे सभेत बोलले. बोलायलाच नको होतं, पण मला राहवत नाही, हा माझा दोष. हेडसरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "गाडी कोणाच्या नावावर आहे?" म्हटलं, "त्यांच्या." "मग किलोमीटर कोणाचे?" म्हटलं, "सर, ड्रिलचे!" तर मला म्हणाले, "मोठ्यांशी बोलताना आवाज खाली." आणि पासबुककाकांच्या टाकीवर बिल्ला लागला. हेल्मेटं छातीशी. डोळ्यांत पाणी. मी एकटी हेल्मेट घालून उभी, काच खाली ओढून, कारण तोंड दाखवण्यासारखं नव्हतं माझं!

असो. तर यंदा थेरडी. शुक्रवारी मीटर नव्व्याण्णव हजार नऊशे पंच्याण्णव. घरापासून मैदान बरोबर चार किलोमीटर. म्हणजे रविवारपर्यंत गाडी हलवायची नाही! काकांनी तिच्यावर आपली शाल घातली. शाल! माझ्या टायफॉइडमध्ये मला मिळाली नव्हती ती! शनिवारी मी बसने कामाला गेले. संध्याकाळी हेडसर बिल्ला दाखवायला घरी आले. चकचकीत पितळ, वर काकांचं नाव, खाली हेडसरांचं स्वतःचं, अध्यक्ष म्हणून, दोन्ही पदव्यांसकट. मी म्हटलं, "सर, माझं?" ते म्हणाले, "बिल्ल्यावर जागा एकाच नावाची." म्हटलं, "मग तुमचं कसं बसलं?" काकू म्हणाली, "अगं, चहा गाळ."

आणि काका... काकांवर मला धड रागावताही येत नाही हो, त्यांनीच मला गाडी शिकवली, लहानपणी टाकीवर बसवून. ते हळूच म्हणाले, "तू अडुसष्ट हजार चालवलीस, मी एकच मागतोय. एक किलोमीटर जास्त आहे का?" मी म्हटलं, "काका, तुम्ही चालवा. मनापासून चालवा. फक्त नावं दोन घाला." काकांनी हेडसरांकडे बघितलं. हेडसरांनी छताकडे बघितलं. छत काही बोललं नाही. मग हेडसर म्हणाले, "नियम मी केलेला नाही. गाडी ज्याच्या नावावर..." अहो, केलाय! तुम्हीच केलाय! वहीत तुमच्याच अक्षरात आहे!

रविवार. चार किलोमीटर मीच चालवत नेली. मैदानाच्या फाटकाशी पाच नऊ लागले. उतरले, चावी काकांच्या हातात दिली. दिली हो! म्हटलं घ्या. काका इस्त्रीचा शर्ट, कमरेला पट्टा, पट्ट्यावर मणक्याचा दुसरा पट्टा. बसले. सगळे भोवती उभे. किक मारली. काही नाही. दुसरी. काही नाही. तिसरीला कमरेला हात लावला. आता थेरडीचं कसंय, तिचा चोक अर्धाच ओढायचा, डावीकडे कलवून पाचापर्यंत मोजायचं, किक आधी हळू दाबून ती मधे अडते ती जागा शोधायची, मग एकच सणसणीत, आणि तेवढ्यात ॲक्सिलरेटरला बोट जरी लागलं तरी ती पाय परत फेकते. हे कुठे लिहिलेलं नाही. हे माझ्या उजव्या पोटरीला माहीत आहे. काकांनी गाडी सोडली तेव्हा ती तरुण होती हो, कशीही चालू व्हायची!

पासबुककाका म्हणाले, "स्पार्कप्लग!" कोणी म्हणालं, "पेट्रोल!" हेडसर म्हणाले, "धक्का मारा!" आणि सात-आठ जण मागून भिडले, एकूण पाचशे वर्षांचा अनुभव ढकलतोय, थेरडी चार हात पुढे गेली, आणि पासबुककाका किंचाळले, "थांबा! थांबा! मीटर फिरतंय!" सगळे जागच्या जागी पुतळे! कारण ढकलत नेली तर लाखावा किलोमीटर धक्क्यावरच खर्च व्हायचा! एकाचं नाक तर मडगार्डला चिकटलेलं, तोही हलेना!

आणि मग... मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आठ वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं, आता तरी! आता तरी कोणीतरी म्हणेल की, पोरी, ही तुझीच गाडी आहे, बस. हेडसर पुढे आले. खांद्यावर हात ठेवला. इतक्या मायेने बोलले म्हणून सांगू, तुम्हाला खोटं वाटेल. म्हणाले, "बाळ, तू फक्त चालू करून दे. आणि उतर."

चालू करून दे. आणि उतर!

काका हँडल धरून बसलेले, मान खाली. "दे ना चालू करून," ते म्हणाले. हळूच. मी म्हटलं, "नाही." पासबुककाका म्हणाले, "अगं, पण गाडी तर त्यांच्या..." म्हटलं, "माहितीये. म्हणूनच त्यांनी चालू करावी. माझ्या पायाने चालू झाली तर मीच वर बसून फिरवीन. चारही फेऱ्या. नाहीतर नाही."

आणि गप्प! एक माणूस दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ देत नाही असा हा क्लब, आणि बाकीच्या बावीस जणांतला एक जण बोलेना! काका उतरले नाहीत, चावी दिली नाही, वर बघितलं नाही. नुसते बसून राहिले. मी वाट बघितली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. म्हटलं कोणीतरी रागवा, ओरडा, "आवाज खाली" तरी म्हणा! नाही. मग मी मागची वजनांची पेटी सोडली, उचलली आणि चालत निघाले.

आज नववा दिवस. चावी काकांच्या खिशात, थेरडी मैदानावर पाच नऊ लावून शालीखाली उभी, घरात पानं वाढतानासुद्धा कोणी शब्द काढत नाही. आणि मी वीस किलो लोखंड मांडीवर घेऊन बसने कामाला जाते. कंडक्टर रोज म्हणतो, "ताई, सामानाचं वेगळं तिकीट लागेल, नियम आहे."

काढते. एका वेळी एकाच नियमाशी भांडता येतं हो माणसाला.