अवसेची पाहणी

मंडळी, थोडे पुढे सरका, मागे ऊन लागतंय. सरपंच, कमळामावशींच्या घरची माणसं, बोईसरच्या बाजारातून आलेल्या मावश्या, आणि आमचे मोठे साहेब, सगळ्यांना नमस्कार. बोलायला उभा राहिलोय खरा, पण मला कागद हातात धरून बोलायची सवय. आज कागद नाही. आणि खरं सांगू? मावशी आठवल्या की मला रडू यायच्या आधी हसू येतं. तेव्हा हसलो तर रागावू नका. तुम्हीही हसा.

जे ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. मी कनिष्ठ अभियंता. राहायला जवळच्या सरावली गावात, मूळचा बीडकडचा. आमच्याकडे पाणी म्हणजे विहीर, नाहीतर टँकर. समुद्र मी नोकरी लागल्यावर पाहिला. आणि माझ्याकडे काम कोणतं आलं? किनाऱ्यावरच्या गावांच्या सांडपाण्याच्या नव्या वाहिन्यांचं! तुमच्या गावची वाहिनी खाडीच्या तोंडापर्यंत टाकून झाली होती. आढावा बैठकीत 'काम पूर्ण' एवढं लिहायचं, की फाईल बंद.

ती बंद होऊ दिली नाही कमळामावशींनी. त्या पंचायतीच्या सदस्य. त्यांचं म्हणणं एकच. नवी वाहिनी झाल्यापासून उधाणाला गटाराचं पाणी उलटं फिरतं आणि अंगणात येतं. त्या अंगणात त्या जवळा सुकवायच्या, बाजारात विकायच्या. भिजलेला जवळा धुऊन, पुन्हा सुकवून विकला असता तर कुणाला कळलं असतं? पण त्यांनी विकणंच थांबवलं. गिऱ्हाइकाच्या ताटात गटार वाढायचं नाय, म्हणायच्या. धंदा बसला तरी चालेल.

आणि मी काय केलं? सहा वेळा पाहणी केली. सहाही वेळा अंगण खडखडीत. सहाही वेळा लिहिलं, 'तक्रारीत तथ्य आढळले नाही.' मला वाटायचं, म्हातारी उगाच माझ्या मागे लागलीय.

मग पालघरच्या आढावा बैठकीला मावशी आल्या. काखेत भिंतीवरचं कॅलेंडर. ते त्यांनी टेबलावर पसरलं आणि माझ्या सहा पाहण्यांच्या तारखांवर एकेक बोट ठेवलं. म्हणाल्या, "साहेब, तुमी सगळ्या वेळी भांगाला आलात."

भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासची लहान भरती, हे मला तेव्हा कळलं. उधाण येतं अवस-पुनवेला. मग अवसेला का आलो नाही, असं त्यांनी विचारलं. काय सांगणार? अवसेला महत्त्वाच्या कामाला हात लावायचा नाही, ही आमच्या आईची शिकवण. बरं, पुनवेला? पुनवेला आमच्या घरी सत्यनारायण, माझी रजा. सांगा मंडळी, अशा माणसाला उधाण कधी दिसणार?

सगळी बैठक हसली. मावशी हसल्या नाहीत. म्हणाल्या, "अवस वाईट नाय, आमचं गटार वाईट हाय. येत्या अवसेला जेवायला या."

गेलो. देवाला नमस्कार करून, खिशात लिंबू ठेवून गेलो. मावशींनी मला अंगणातच खुर्ची दिली. मांडीवर ताट, तांदळाची भाकरी, कोलंबीचं कालवण. दुपारचे बारा वाजून गेले असतील. कोपऱ्यातल्या चेंबरमधून गुडगुड ऐकू आली. झाकण हललं. आणि काळं पाणी अंगणभर पसरलं. माझे बूट माझ्यादेखत रस्त्याला लागले. मी उठायला गेलो, तर मावशींनी आणखी एक डाव कालवण वाढलं. "भरल्या ताटावरून उठू नये," म्हणाल्या. मग काय, पाय खुर्चीवर घेतले आणि जेवलो. दुसरी भाकरीही घेतली. कालवण तसंच होतं.

हसताय ना? हसा. पण त्यानंतरच्या बैठकीत मला उभं राहून सांगायचं होतं की माझे सहाही अहवाल खोटे आहेत. साहेब, तुम्ही चिडला होतात. नोटीस निघणार, हे मला दिसत होतं. तेव्हा मावशी उठल्या. ज्या बाईचा धंदा माझ्या सहीने बसला होता, ती बाई उठली. म्हणाली, "पोरगा डोंगरापलीकडचा हाय. त्याला दर्या कुनी शिकवला? आमी पन नाय. निम्मी चूक आमच्या नावावर लिवा."

मंडळी, मला त्या दिवशी जिन्यात जाऊन रडावं लागलं. इतक्या मोठ्या मनाचं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

वाहिनीच्या तोंडाला झडप बसवायचं ठरलं. पाणी बाहेर जाईल, आत येणार नाही अशी. झडप बसली, तेव्हा मावशींनी अंथरूण धरलं होतं. आणि उधाणाला पाच दिवस राहिले असताना त्या गेल्या.

परवाच्या अवसेला मी पाहणीला आलो. लिंबू न घेता आलो. सकाळपासून अंगणात बसलो. खाडी काठोकाठ भरली. चेंबर गप्प. बारा वाजले, एक वाजला, भरती उतरायला लागली. अंगण कोरडं. मावशींच्या सूनबाईंनी जवळ्याची टोपली आणली आणि अंगणात पसरली.

मी अहवाल लिहायला घेतला. त्यात एक रकाना असतो, 'पाहणीवेळी उपस्थित सदस्य'. साहेब, तुम्ही समोर बसलाय म्हणून आजच सांगून टाकतो. मागच्या सहा अहवालांत मी न कळता खोटं लिहिलं. या वेळी कळून लिहिलं. त्या रकान्यात मी कमळामावशींचं नाव घातलंय. तुम्ही खाली सही केलीत. आता नोटीस काढायची तर खुशाल काढा.

मावशींना गप्प बसलेलं माणूस बघवत नसे. तरी आजच्या दिवस त्यांनी चालवून घ्यावं. मंडळी, उठूया. एक मिनिट कुणी काही बोलू नका.