मधली डीव्हीडी लावायची नाही

—नाही, मधे बोट घालायचं नाही, सिस्टर, कडेनं धरायची, अशी, दोन बोटांत — हां. चकचकीत बाजू खाली. आणि मग हे बटण. ट्रे फाडकन आत जातो, मी दरवेळी दचकते, तुम्ही नाही दचकणार, तुम्ही दिवसभर माणसांना सुया टोचता. बाबांना दुपारी सलाईन चालू असताना एक भाग लागतो, आतल्या पलंगावरून दारातून दिसतो हा टीव्ही, म्हणजे हाताकडे लक्ष जात नाही त्यांचं. दुसरा लावला तरी अर्ध्यात डोळे मिटतातच. पण मिटले म्हणून लगेच बंद नाही करायचं — बंद केलं की जागे होतात आणि 'बघतोय की मी' म्हणतात. आत्ता झोपलेत ना? मग बसा जरा, बाटली अजून निम्मी आहे. पाय वर घ्या हवं तर, या घरात कुणी काही म्हणत नाही. मी उद्यापासून चार दिवस नाही, म्हणून म्हटलं सगळं एकदा दाखवून ठेवावं. आत्याकडे जातेय. मला कुठे जायचं होतं — पण आत्या फोनवर म्हणाली, आरशात बघ एकदा स्वतःकडे, मढ्यासारखी दिसतेस. न बघताच म्हणाली, फोनवरून. आणि बाबाही तिच्याच बाजूने. जा म्हणाले, सिस्टर आहेत, रात्रीची बाई आहे, मी काय पळून जातोय?

तर हे खोकं. सगळ्या ओळीनं लावल्यात. इथपर्यंत आमचं बघून झालंय. उद्या ही लावा. परवा मात्र ही नाही — ही सोडायची. हिच्या खणात मी कागदाचा कपटा खोचून ठेवलाय, म्हणजे चुकायला नको. हिच्या पुढची लावायची. त्यांनी विचारलं तर चरा पडलाय म्हणा, चालत नाही म्हणा. तुम्हाला खोटं बोलायला लावतेय, कळतंय मला, पण सुई टोचताना तुम्हीही म्हणताच ना, मुंगी चावल्यासारखं वाटेल फक्त. काय मुंगी असते ती.

नाही, वाईट काही नाही त्यात. लहान मुलांचीच मालिका आहे. तुम्ही नाही बघितली कधी? 'दूरचं बंदर'. एक यान असतं, रस्ता चुकलेलं, आणि त्यांना एका बंदराला पोचायचं असतं, आकाशातल्या — आता सांगताना मलाच कसंतरी होतंय, पण आमच्या शाळेत सगळी मुलं त्याच्यावरच बोलायची. कप्तान बाई होती, करारी, सारखी कॉलर ताठ करायची. एक डॉक्टर, तो कायम भांडणारा. आणि एक यंत्रमाणूस. मालिकेत त्याला काहीतरी आकड्यांचं नाव होतं, मी त्याला ठोकळ्या म्हणायची. चौकोनी डोकं, चौकोनी पोट, चालताना दारात अडकायचा आणि दाराचीच माफी मागायचा. तुम्ही हसताय, पण मी सहा-सात वर्षांची असताना माझा जगात सगळ्यात जास्त विश्वास कुणावर असेल तर ठोकळ्यावर. मी अशी घाबरट — तेव्हाही अशीच — फुगा दिसला तरी आधीच कान झाकून घ्यायची, फुटायच्या आत. ठोकळ्या कशालाच घाबरायचा नाही. बाबांनी मला तो बनवूनही दिला होता, प्लॅस्टरचा. बाबा कवळ्या बनवायचे ना, दातांच्या, दवाखान्यांना पुरवायचे, तर घरात प्लॅस्टर कायम. ठोकळ्याला खरे दात बसवले होते त्यांनी, कवळीतले, वर-खाली. आई म्हणाली, हे काय ध्यान, अंधारात बघितलं तर मीच किंचाळेन.

मालिका लागायची माझ्या झोपायच्या वेळेनंतर. मग बाबा ती व्हीसीआरवर भरून ठेवायचे आणि मी दुसऱ्या दिवशी शाळेतून आले की बघायची. नुसतं बटण दाबून सोडून नाही द्यायचे हं — समोर स्टुलावर बसून, बोट बटणावर ठेवून, जाहिरात आली की थांबव, संपली की चालू कर. कॅसेट वाया जाऊ नये म्हणून. पण त्यांचं बोट सुटायला नेहमी उशीर व्हायचा, त्यामुळे आमच्या 'दूरचं बंदर'मध्ये माणसं दाराकडे निघायची आणि एकदम उडी मारून दुसऱ्याच ग्रहावर. मी विचारायची, बाबा, मधे काय झालं? ते म्हणायचे, काही नाही, जाहिरात होती. मला वाटायचं सगळ्यांच्याच घरी तशीच दिसते. शाळेत मुलं एखादी गोष्ट सांगायला लागली, की तो राक्षस कसा आला भिंतीतून, तर मला वाटायचं ही फेकतात — आमच्याकडे नव्हता आला. खरंच, सिस्टर, मी भांडायची त्यांच्याशी.

खोकं मी आणलं हो. वाढदिवसाला. बाबांना आता वाचवत नाही, पेपर धरला की हात भरून येतो, मग दिवसभर छताकडे बघत राहतात. म्हटलं, दोघांनी मिळून बघू. फार छान गेले हे दिवस. इतकं स्वच्छ दिसतं आता सगळं — नको इतकं. यानाची बटणं म्हणजे बाटल्यांची झाकणं आहेत, चक्क झाकणं, रंग दिलेली. प्रत्येक ग्रह म्हणजे तीच एक दगडाची खाण. बाबा हसून हसून खोकायला लागतात. आमच्या कॅसेटवर मुंग्या इतक्या यायच्या की त्यात सगळं खरं वाटायचं. मग एक दिवस ते झोपल्यावर मला राहवलं नाही, मी पुढची एक लावली, एकटीनं, आवाज अगदी बारीक करून. हीच. कपटा खोचलेली.

ठोकळ्या मरतो, सिस्टर.

म्हणजे यंत्र आहे, मरतो काय, बंद करतात. यानातली हवा संपत आलेली असते आणि त्याच्या छातीतला एक भाग काढून घातला तरच हवेचं यंत्र चालणार असतं. तो स्वतःच सांगतो, माझा काढा. कप्तान काढते. लांबलचक आहे ते, संपतच नाही, तो मधेच तिला म्हणतो, तुमची कॉलर वाकडी झालीय. मी इथे, याच खुर्चीत बसले होते, एवढी घोडी, ऑफिसात लोकांचे विम्याचे दावे नाकारते मी, आणि तोंडात पदर कोंबावा तशी ओढणी कोंबून — जाऊ दे. मला हे माहीतच नव्हतं. माझ्या कॅसेटवर सगळे कॉरिडॉरमधून पळत जातात आणि मग एकदम गप्प बसलेले असतात, जेवणाच्या टेबलाभोवती. मी विचारलं होतं, ठोकळ्या कुठेय? बाबा म्हणाले, तो पुढे गेला, बंदर शोधायला. त्यानंतरचा प्रत्येक भाग मी त्याच्यासाठी बघितला. शेवटच्या भागात ते बंदराला पोचतात, ही गर्दी, तर बाबांनी पडद्यावर बोट ठेवलं — तो बघ, खांबामागे. आणि मला दिसला. शपथेवर सांगते, दिसला होता. आता त्या खांबामागे रंगाची बादली आहे. कुणीतरी उचलायची विसरलेली.

आणि मग हिशेब लागला मला. ते दिवस म्हणजे आईच्या आजारपणाचे. मला आत्याकडे पाठवलं होतं, चार दिवस जा म्हणाले, मजा कर, आणि बरोबर पिशवीत ह्याच कॅसेटी दिल्या होत्या. मी आत्याच्या घरी पोट धरून हसत होते ठोकळ्याला बघून — आणि परत आले तर आईचा पलंग उभा करून भिंतीला टेकवलेला. चादरी धुऊन घड्या घातलेल्या. आई कुठेय विचारलं तर काय सांगितलं ते आठवत नाही मला, ठोकळ्याचं उत्तर आठवतं, आईचं नाही. शेवटी ती काही बोलली का, मला हाक मारली का, मी आजवर विचारलेलं नाही. काय विचारणार? तेवढा भाग माझ्याकडे नाहीच. राग — राग नाही हो. बाबांच्या जागी मी असते तर — आता आहेच की मी त्यांच्या जागी. म्हणून तर तुम्हाला सांगतेय ना हे सगळं.

डॉक्टर मला बाहेर बोलावून म्हणाले ते तुम्हाला माहीतच आहे. गाठ परत वाढलीय, आता औषधाचा उपयोग नाही, सलाईन नुसतं बरं वाटावं म्हणून. मी आत जाऊन सांगितलं, औषध बदललंय, म्हणून थकवा. बाबा म्हणाले, असं होय. बस, तेच धरून ठेवायचं तुम्हीही. औषध बदललंय. थोडे दिवस थकवा राहणार. आणि ही डीव्हीडी नाही लावायची, कारण त्यांना आठवत नसणार त्या भागात काय आहे, इतकी वर्षं झाली, आणि असं पडल्या पडल्या एकदम ते समोर — तो स्वतःच म्हणतो ना, माझा काढा — नको. नको ते. लोक मला म्हणतात, सांगून टाक, त्यांना कळायला हवं. मला ठाऊक आहे कळायला हवं. पण एकदा कळलं की ते बोलतील, सिस्टर. मला जवळ बसवतील आणि बोलतील. आणि मला बसावं लागेल. त्यांना झेपणार नाही असं मी सगळ्यांना सांगते — त्यांना झेपेल हो. त्यांना काय.

काय झालं?

नाही, तुमचा चेहरा — बाटली संपली का? मग? बोला ना, मला घाबरायला होतं. — त्यांनीही? काय सांगितलं त्यांनी? — ही डीव्हीडी लावू नका म्हणाले? ही कपट्याची? — मी घरात असताना लावू नका. आणि मी गेल्यावर? — गेल्यावर लावा म्हणाले. एकट्याला बघायचीय. — अच्छा. म्हणजे आठवतंय त्यांना. आठवणारच, बोट त्यांचंच होतं. अजून त्यांना वाटतंय मी खांबामागे बघते.

हसू येतंय बघा मला. एकाच खणावर दोघांची राखण, आणि तुम्ही मधल्या मधे. तुम्हाला आमची काय वेडी माणसं आहेत असं वाटत असेल — पण त्यांना एकट्याने का बघायचंय? आत्ताच का? ते सहज कधी काही — सिस्टर, माझ्याकडे बघा. खिडकीकडे नको. अजून काय सांगितलंय त्यांनी तुम्हाला?

कधी? मी खाली औषधं आणायला गेले होते तेव्हा. त्यांनी सरळ विचारलं डॉक्टरांना. आणि डॉक्टरांनी — हो. सांगणारच ते. म्हणजे मी वर आले, आणि उशी सारखी केली, आणि म्हटलं बाबा औषध बदललंय, तेव्हा त्यांना आधीच — आणि ते म्हणाले, असं होय. असं होय, म्हणाले हो. आणि वर मला म्हणाले, तू दमलीस, चहा घे.

मला सांगू नका म्हणाले ना? ती दचकते, म्हणाले असतील. — बरं. — आणि आत्याचा फोन? तो आत्याने आपणहून केला होता की — नका सांगू. कळलं. जा म्हणाले, चार दिवस, मी काय पळून जातोय. पिशवी भरलीय माझी, सिस्टर, ती काय दाराशी. स्वेटरसुद्धा घातलाय आत, बाबांनीच आठवण केली, आत्याकडे गारवा असतो म्हणून. मी घेत नव्हते तर दोनदा म्हणाले. आणि मी निघाले होते. मी खरोखर निघाले होते, सकाळच्या गाडीने, तुम्हाला बटणं शिकवून.

नाही, तुम्ही बरोबर केलंत. रडत नाहीये मी. तुमच्या नोकरीला काही होणार नाही, मी कुणाला बोलणार नाही, तुम्ही तो विचारच करू नका. कुणीतरी या घरात 'जाहिरात नव्हती ती' असं म्हणायला हवं होतं. ते डॉक्टरांनी नाही केलं, आत्यानेही नाही, तुम्ही बाहेरच्या, तुमच्या गळ्यात पडलं. दमला असाल. मीही दमलेय. इतकी वर्षं एकमेकांपासून लपवायचं म्हणजे किती काम असतं, आणि दोघांनाही वाटतं समोरचा झोपलाय.

श्श. — हो बाबा. इथेच आहे. — नाही, टीव्ही नाही, सिस्टरांशी बोलतेय. — कशाबद्दल काय —

तुमच्याबद्दल बोलत होतो, बाबा. — नाही, उद्या जात नाहीये मी. — थांबा, आत येऊन सांगते. उठू नका, हाताला नळी आहे.

सिस्टर, बाटली संपली की हाक मारीन मी. तोवर तुम्ही जरा इथेच बसता? आणि ते दार ओढून घ्या.