बाकिझिओच्या हाडातलं रक्त
आमच्या सार्डिनियातल्या इस्पितळात परवा माझ्या शेजारी एक मेंढपाळ आणि त्याची थोरली बहीण बसली होती. तिच्या हाडांत रक्तच तयार होईना, म्हणून तो आपल्या हाडांतली मज्जा द्यायला कबूल झाला होता. त्या दिवशी त्याची तपासणी होती.

"बाकिझिओ, पाय किती हलवतोस! मेंढरू कापताना हात थरथरत नाही तुझा, आणि सुईला भितोस?"

"भीत नाही गं, ताई. पण डॉक्टर काय म्हणाले, ऐकलंस ना? मज्जेतली पेशी वाढते, लाल होते आणि रक्तात उतरण्याआधी आपलं केंद्रकच टाकून देते. म्हणजे डोकंच की!"

"तुझ्या पेशींकडे टाकायला असलं तर."

"हस तू. पुढं तुझ्या अंगात सगळं माझंच रक्त खेळणार आहे."

"अरे देवा, म्हणजे मीही कंजूष होणार."

"मी कंजूष?"

"पावाचं पीठ आंबवायला आईचं जुनं खमीर मागितलं होतं मी. मूठभर दिलं नाहीस."

"कमी झालं असतं."

"मग मज्जा कमी होत नाही?"

"डॉक्टर म्हणाले, काही आठवड्यांत पुन्हा भरून येते."

"खमीरही पीठ-पाणी घातलं की भरून येतं, बाबा. आहे कुठं ते?"

"मेलं, ताई. पीठ न घालता बरणीत नुसतं जपून ठेवलं होतं ना."

नर्सनं त्याचं नाव पुकारलं.

"ऊठ मग. निदान मज्जा तरी वेळेत दे."