पाहुण्यांची खोली

— नाही, बसा सर, चहा होईल तेवढ्यात, मला फक्त सकाळी बायबलच्या वर्गात फळ्यावर काढलेलं, येशू जन्मला ते घर पुन्हा नीट समजून घ्यायचंय. एकच मोठी खोली, नाही का — सगळ्यांनी तिथंच जेवायचं, तिथंच झोपायचं — आणि दाराकडची जमीन जरा खाली, रात्री गाय-गाढव आत घ्यायला. आणि गव्हाणी त्या दोन्हींच्या मधे. म्हणजे घरातच. पाहुण्यांची खोली वेगळी, माळ्यावर नाहीतर बाजूला, आणि ती भरलेली, म्हणून घरच्यांनी मरियेला आपल्यातच घेतलं. नातलगांचं गाव, पोटुशी बाई, तिला त्या काळी कोण बाहेर ठेवणार, असं म्हणालात. बरोबर ना? आणि तो उतारशाळेचा, म्हणजे धर्मशाळेचा मालक, मरियेला जागा नाही म्हणून दार लावून घेणारा — तो पवित्र शास्त्रात नाहीच. मी तुमच्यासमोरच तीनदा पान उलटून पाहिलं. खरंच नाही हो.

बावीस वर्षं मुलांकडून येशूजन्माचं नाटुकलं बसवून घेतेय मी. मालकाची दाढी दरवर्षी मी चिकटवते, लोकरीची. दार कसं आपटायचं तेही मीच शिकवते — असं आपट की मागच्या रांगेतल्या आजीबाई दचकल्या पाहिजेत. सगळे त्या मालकावर चिडतात, आणि मला — सांगू का — मला तो बरा वाटायचा. म्हणजे आधार वाटायचा. त्याच्याकडे खरोखरच जागा नव्हती ना, मग त्याचा काय दोष, असं मी एकदा वर्गात मुलांना म्हणालेसुद्धा. साखर पुरे की अजून घालू?

तुम्ही उतरलात ती खोली नवसाची आहे. आमच्या ह्यांचं मोठं दुखणं निघालं तेव्हा मी बोलले होते, की हे उठून बसू देत, त्या खोलीत देवाच्या कामाला आलेल्या माणसाशिवाय कुणी झोपणार नाही. हे बरे झाले. आणि मी पाळलं हं, अगदी कडक. स्वतःची आई आली तरी बाहेर सतरंजीवर. लोक म्हणायचे, बाईंचं व्रत म्हणजे व्रत. ऐकायला गोड लागतं ते. फार गोड लागतं.

पाच वर्षं झाली. आमच्या धाकट्या वन्सं आल्या, ह्यांची बहीण, दुपारच्या, दोन पिशव्या घेऊन. आठवा सरत आलेला. त्याला लग्न करायचं नव्हतं, त्यांना मूल टाकायचं नव्हतं — एवढंच सांगितलं, रडल्यासुद्धा नाहीत. मी म्हटलं, खोलीत प्रवचनकार उतरलेत. उतरलेच होते — म्हणजे उतरायचे होते. — नाही. थांबा, तसंही नाही. सकाळीच त्यांचा निरोप आला होता, गाडी चुकली, येत नाही म्हणून. चादर घातलेली, तांब्या भरून ठेवलेला, आणि आत कुणी नाही. आणि मी वन्संना म्हटलं, हळू बोला, पाहुणे झोपलेत.

त्या हळू बोलल्या हो. रिकाम्या खोलीसाठी. मला म्हणाल्या, "वहिनी, मी स्वयंपाकघरात एका कोपऱ्यात पडेन, कुणाला दिसणारसुद्धा नाही." मी म्हटलं, नवस आहे, लोक येतात-जातात, बरं दिसत नाही. आणि बायकांच्या वसतिगृहाचा पत्ता लिहून दिला. वळणदार अक्षरात. वर डबाही भरून दिला, म्हणजे माझं मलाच वाटावं की काहीतरी केलं. अकरा दिवसांनी तिथंच मुलगी झाली. ह्यांना मी सांगितलंय, वन्सं घटकाभर टेकल्या आणि आपणहून गेल्या. तेव्हापासून त्या येत नाहीत आणि हे म्हणतात, बहीण मानी आहे.

नवसात स्वयंपाकघर कुठं होतं, सर? माझा पलंग कुठं होता?

हे कुणाला सांगायचं नव्हतं मला. तुम्ही ते घर काढलंत ना — आता मी बाहेर जागाच शोधतेय, दोष टाकायला, आणि तिथं तो मालकच उरला नाही. — हो, देव क्षमा करतो, त्याच्याकडे मी रोज मागते, त्याची मला सवय आहे. वन्संकडे कधी मागितली नाही.

आज ह्यांची पाळी सहाला सुटते. त्याच्या आत मला वन्संना फोन करायचाय. खोली रिकामी होती, एवढं एक वाक्य आधी, मग बाकीचं. आणि मग या म्हणायचं, लेकीला घेऊन. त्या खोलीत सर उतरलेत, तरी या. माझ्या खोलीत झोपा, माझ्याशेजारी. ठेवतील फोन, ठेवू देत, मी पुन्हा करीन. पण मला वाटतं ऐकतील. लहानपणी माझ्याच हातून वेणी घालून घ्यायच्या त्या.

तुम्ही जरा बाहेर चक्कर मारून या, सर. राग मानू नका. कुणी समोर असलं की मी पुन्हा चांगली बाई व्हायला लागते, आणि त्यांना ते लगेच ऐकू येईल. चहा राहू द्या, परत करीन.

लावला फोन. तिकडे वाजतोय. जा ना सर.