रोज एक तास ऊन

नाही नाही, सिस्टर, पडद्याला हात लावू नका — शीर दिसत नाही म्हणता ना, मग दिवा लावतो, हा बघा लावला, भर दुपारी डोक्यावर दिवा, अजून काय हवं? — बसा. सुई टोचण्याआधी मला दोन गोष्टी विचारायच्यात. चौतीस वर्षं बातमीदारी केलीय, चौकशी केल्याशिवाय मी कुणाला घरात घेत नाही, बायकोचं रक्त तर लांबच राहिलं. तुमच्या या संशोधनामागे कोण आहे? गोळ्या बनवणारी कंपनी? — नाही? विद्यापीठ? बरं, आणि विद्यापीठामागे कोण?

तुमचं म्हणणं काय, तर म्हाताऱ्या माणसांत ड जीवनसत्त्व कमी असलं की अंगातली सूज जास्त सापडते. सापडत असेल. पण आधी काय आलं हो? सांधे सुजले म्हणून माणूस घरात बसला आणि घरात बसला म्हणून ड घसरलं — असंही असेल की नाही? — तेच शोधताय? म्हणजे अजून माहीत नाही! मग तसं पत्रकात छापा ना! — छापलंय? कुठे? — हं. तळाशी. माझ्या चष्म्याला न दिसेल इतकं बारीक — हे मुद्दाम करतात, मला शिकवू नका. अगं, दाखव यांना बोटं. बघा. अंगठी निघेना, शेवटी मीच पक्कडीनं कापली. ही हूं की चूं करत नाही. तिचं हे असंच.

आणि तुमचा मागचा रिपोर्ट! तो सुजेचा आकडा, सीआरपी की काय, तो वर, आणि ड किती, तर नऊ. निदान वीस तरी हवं म्हणे, आणि हिचं नऊ! मी तेव्हाच म्हटलं, प्रयोगशाळेत बाटल्यांची अदलाबदल झालीय, असली प्रकरणं मी उघडी पाडलीत — काय? फॉर्ममध्ये ‘रोज एक तास ऊन’ लिहिलंय आणि आकडा नऊ, जुळत नाही? अहो, तेच तर मी बोंबलतोय! तुमचा आकडाच खोटा! — फॉर्म कोणी भरला? मी भरला. हिच्या हातात पेन राहतं का? — विचारून? हिला काय विचारायचं, एका घरात राहतो आम्ही, मला माहीत नाही का? — कुठलं ऊन म्हणजे? घरातलंच. या खिडकीतलं. दुपारी इथे चांगलं ऊन येतं — यायचं.

तुम्हाला काय सांगायचं. अकरा वर्षांपूर्वी भेसळीची औषधं पुरवणाऱ्या एका माणसावर मी लिहिलं. मग समोरच्या फुटपाथवर कोणी तरी येऊन उभं राहायला लागलं. तीन दिवस, नुसतं या खिडकीकडे बघत. चौथ्या दिवशी मी पडदे लावले — दुहेरी अस्तराचे, हिनंच शिवले, तेव्हा बोटं चालायची. — त्यानंतर? नाही, त्यानंतर कोणी आलं नाही. पण पडदे होते म्हणून आलं नाही, हे लक्षात घ्या! — तो औषधवाला? वारला. चार वर्षं झाली. त्याच्या मरणाची बातमी मी पेपरात दोनदा वाचली, खात्री करून घेतली. — मग पडदे कशाला? माणसाला मुलं असतात, सिस्टर, भागीदार असतात! ही बाहेर पडायची म्हणाली की मी म्हणायचो, आज नको, उद्या बघू. मग हिनं म्हणणं सोडलं. नंतर हिचे गुडघे सुजले, मग बोटं. माझ्याकडे असं बघू नका. मी आयुष्यात एक खोटी ओळ छापलेली नाही. एकही — आणि तो फॉर्म काही छापून येत नाही.

अहो — अहो सिस्टर, काय करताय! सांगितलं ना हात लावू — ओढलात. ओढलातच. समोर कोण आहे? नीट बघा. झाडामागे? — कोणी नाही? — बाजूला व्हा, अजून बघा.

काय गं? डोळ्यांना त्रास होतोय का? लावू का परत? — मान कशाला हलवतेस? दोन्ही हात उन्हात धरून बसलीय बघा, जशी काही — हसतेस कशाला? ए. हसतेस कशाला?

तुम्ही काय बघत बसलाय, सिस्टर? शीर दिसतेय ना आता? मग घ्या रक्त आणि निघा. — आणि तो फॉर्म इथे ठेवून जा. पेनसुद्धा.