जिन्याच्या जागी लिफ्ट

कुणीतरी या जिन्याला चक्क निळा ऑइलपेंट फासलाय – नाही अंकल, तुम्हीच असं मी म्हणत नाहीये, पण सागवानाला? स्विमिंग पूलचा रंग? जाऊ दे. मी श्रुतिका, वारसा समितीकडून आलेय, घर बघून रिपोर्ट द्यायला. तुमचा अर्ज वाचला. हा बाहेरचा जिना काढायचा आणि त्या जागी लिफ्ट बसवायची, बरोबर? लिफ्ट. अंधेरीत जो तो लिफ्टनेच वर-खाली करतोय, गावठाणात एक घर उरलंय ज्याचा जिना गल्लीतून सरळ वर चढतो, आणि तुम्हाला नेमका तोच –

हो, जोसेफीन आँटींचे गुडघे, वाचलं ते. इस्टरपासून खाली उतरल्या नाहीत, मासळीवाली आली की वरून दोरीने टोपली सोडतात – किती छान ना, रिपोर्टमध्ये घालणारे मी. म्हणजे, छान नाही. कळतंय मला. मग त्यांची खोली खाली आणा की. पाणी भरतं? दर पावसाळ्यात? बरं. मग लिफ्ट मागच्या बाजूला – मागे शेजाऱ्यांची भिंत. बरं. थांबा ना जरा, विचार करतेय मी, एकदा मी रिपोर्टमध्ये ‘नको’ लिहिलं की तुमचा अर्ज संपला.

माझं घर? दहिसरला. सतरावा मजला. आहे ना लिफ्ट, नसून कसं चालेल, गेल्या आठवड्यात दुपारभर बंद होती तर सेक्रेटरीला असलं झापलं मी – म्हटलं, घरात आजी आहे, तिला काय वर कोंडून ठेवायचंय का – हसू नका अंकल. ते वेगळं. टॉवरमध्ये जपायचंय काय? या जिन्याची एकेक पायरी मी कागदावर उतरवलीय, माहितीये? कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. तुम्ही तेव्हा गल्फला होतात. आँटी काय पळायच्या हो खाली-वर, सरबत आण, केक आण, मापाच्या टेपचं दुसरं टोकसुद्धा त्याच धरायच्या. ड्रॉइंग्ज बघून सर म्हणाले, झकास, हे घर वारसा यादीत जायला पाहिजे – मग काय, मीच मागे लागले, मीच कागद पाठवले, मीच घालायला लावलं यादीत, नाहीतर तुम्हाला आज परवानगी-बिरवानगी कशाला लागली असती, उद्या सुतार बोलावून जिना –

अंकल?

नाही, म्हणजे, तुम्हाला विचारायला हवं होतं कुणीतरी. मला वाटलं, आनंदच होईल. असं बघू नका ना यार – सॉरी, अंकल. वरची खिडकी उघडीच होती का मघापासून?

होती. आणि तिच्यातून जोसेफीन आँटींचा आवाज आला, अगदी शांत:

"रुडॉल्फ, पाठव तिला वर. आणि ती वर पोचली की जिना काढून टाक."